महात्मा जोतीराव फुले : ओतूरच्या मांडवापर्यंत गेलेला विचार



जुन्नर तालुक्यातील ओतूर हे गाव आपणांपैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता ह्याच गावावरून जातो. इ. स. १८८० नंतरच्या काही वर्षांत ह्या गावी व आसपासच्या खेड्यांत काही शेतकरी घराण्यांनी आपल्या मुलामुलींची लग्ने ग्रामजोश्यास न बोलाविता लावली. मांडव होता, वऱ्हाड होते, वधूवरांनी परस्परांस दिलेली वचने होती. फक्त जोशी नव्हता, आणि त्याची दक्षिणाही नव्हती. ग्रामजोशाचा हक्क पिढीजात मानला जात असे. गावातील प्रत्येक लग्नामागे त्याला ठरलेली प्राप्ती असे आणि यजमानाने दुसऱ्या कोणाकडून विधी करून घेतला तरी ती प्राप्ती त्याला मिळावी, असे पूर्वी न्यायालयांनीही धरले होते. तेव्हा ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांच्यावर दावा झाला, आणि तो चढत चढत मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला.

खेडेगावात राहणाऱ्यास ह्या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. ज्याच्या तोंडून मुहूर्त निघतो, ज्याच्या पंचांगावाचून पेरणीस हात घालू नये असे आजोबापणजोबांनी शिकविले, त्याच्याशी उघड वैर धरावयाचे, कोर्टाचे हेलपाटे घालावयाचे, आणि उद्या घरात काही अशुभ घडले तर हे त्या पापाचे फळ असे चार लोकांकडून ऐकावयाचे, हे सोपे काम नव्हे. मग पाटलांस व त्यांच्या सोबत्यांस हे बळ कोठून आले? ज्यांच्या विचाराने ते चालले, ते गृहस्थ पन्नासांहून अधिक मैलांवर पुण्यास राहत होते. त्यांच्या हाती राज्य नव्हते, अंमलदारी नव्हती, कोणास नोकरी देण्याची सत्ता नव्हती. त्यांचे नाव जोतीराव गोविंदराव फुले.

लिहिणारे पुष्कळ असतात, आणि बोलणारे तर त्याहून अधिक. त्यांतील खरा कोण, आणि लोकांच्या विचारांस वळण लावण्याचे सामर्थ्य कोणाच्या अंगी असते, हे त्यांच्या सभेतील गर्दीवरून कळत नाही. दूरच्या गावातील मनुष्य त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून स्वतःचे काही पणास लावतो की नाही, ह्यावरून ते कळते. जोतीरावांच्या बाबतीत तसे का घडले, हे त्यांच्या चरित्रावरून पाहू.

जोतीरावांचा जन्म इ. स. १८२७ साली झाला. जात माळी. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे व मूळ गाव सातारा भागातील कटगुण. आजोबा शेटीबा तेथून पुरंदर तालुक्यातील खानवडीस व पुढे पुण्यास आले. पेशव्यांच्या घरी फुले पुरविण्याच्या धंद्यावरून फुले हे नाव रूढ झाले. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच आई चिमणाबाई वारल्या. नात्यातील सगुणाबाई ह्यांनी त्यास वाढविले. ह्या बाई एका मिशनरी साहेबाच्या घरी काम करीत असत. लिहिणेवाचणे चांगले असते, ही गोष्ट त्यांना तेथे दिसली आणि त्यांनी ती मुलाच्या मनात घातली. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा बायांची नावे बहुधा एका ओळीत आटोपतात. येथेही तसेच झाले, ह्याचे वाईट वाटते.

मुलास शाळेत घातले, पण माळ्याच्या पोराने शिकून काय करावयाचे, अशा सल्ल्याने वडिलांनी त्यास काढून शेतीवर लावले. शेजारी गफारबेग मुन्शी नावाचे एक मुसलमान गृहस्थ व लिजिट नावाचे एक साहेब राहत. मुलाची बुद्धी पाहून त्या दोघांनी गोविंदरावांचे मन वळविले, आणि १८४१ साली चौदा वर्षांचा जोती पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसला. त्याआधीच, १८४० साली, नायगावच्या सावित्रीबाईंशी त्याचे लग्न झाले होते. मिशनच्या शाळेतील शिक्षण १८४७ साली पुरे झाले. तेथेच सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर व सखाराम यशवंत परांजपे ह्या ब्राह्मण मित्रांचा स्नेह जडला. पुढे जोतीरावांनी ब्राह्मण पुरोहितशाहीवर कोरडे ओढले, म्हणून त्यांना ब्राह्मण माणसांचा द्वेष होता असे समजणाऱ्यांनी ही नावे ध्यानात ठेवावी.

१८४८ साली एका ब्राह्मण स्नेह्याच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव चालले असता, माळ्याने आमच्या बरोबरीने चालावे काय, असे म्हणून कोणी त्यांचा अपमान केला. घरी येऊन त्यांनी वडिलांस हे सांगितले. वडिलांनी समजूत घातली ती अशी की, पेशवाईत असे घडते तर हत्तीच्या पायी दिले असते, तेव्हा थोडक्यात निभावले म्हणावयाचे. अपमान अनेकांचे होतात. बहुतेक जण रागावतात, काही जण विसरतात. जोतीरावांनी मात्र पुढील प्रश्न केला : माझा हा अपमान होतो, तर माझ्याहून खालचे समजले जाणाऱ्या महारामांगांचे काय होत असेल, आणि सर्वच घरांतील स्त्रियांचे काय? स्वतःच्या दुःखातून दुसऱ्याच्या दुःखाकडे नजर जाणे, येथे त्यांच्या विचाराचा आरंभ आहे.

त्याच सुमारास अहमदनगरास फॅरार बाईंनी चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली. परत येऊन त्याच वर्षी त्यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींसाठी शाळा उघडली. शिकविणारी बाई कोठून आणावी? जोतीरावांनी आपल्या बायकोस आधी घरी शिकविले होते. तीच शिक्षिका झाली. ही लहान दिसणारी गोष्ट फार मोठी आहे. स्त्रियांस शिकवावे असे लिहिणारे त्या काळी पुण्यामुंबईत निघू लागले होते. पण आपल्या घरातील स्त्रीस शिकवून, दगडशेणाचा मारा होत असलेल्या रस्त्याने तिला रोज शाळेत पाठविणारे फार थोडे. आपला विचार त्यांनी प्रथम आपल्या उंबरठ्याच्या आत चालवून पाहिला.

त्याची किंमतही पडली. लोकांच्या दडपणाने गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख ह्यांनी त्यांस आश्रय दिला. शाळा काही काळ बंद पडली, पुन्हा निघाली. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि पुढील वर्षी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. ह्या शाळांतून काय निपजले, ह्याचा एकच दाखला देतो. मुक्ता नावाच्या मांग समाजातील एका लहान मुलीने महारमांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्या जातीची सावलीही पुण्याच्या रस्त्यावर नकोशी होती, त्या जातीची मुलगी धर्म व न्याय ह्यांविषयी थोरामोठ्यांस प्रश्न विचारू लागली. गुरूचे वाक्य पाठ म्हणून दाखविणारे शिष्य कोणासही मिळतात. आपल्या बुद्धीने प्रश्न विचारणारी शिष्या फार थोड्यांस मिळते.

१८५६ साली जोतीरावांस ठार मारण्यासाठी रात्री दोन मारेकरी घरात शिरले. पैशासाठी आलेले ते गरीब लोक होते. जोतीरावांचे बोलणे ऐकून त्यांनी हत्यार टाकले. त्यांपैकी धोंडीराम नामदेव हा कुंभार पुढे शिकून त्यांच्या कार्यातील एक विद्वान सहाय्यक झाला, हे प्रसिद्धच आहे.

ह्यापुढील वर्षांत त्यांनी जे केले ते सर्व सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. १८५५ साली कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा. १८६३ साली आपल्याच घरी बालहत्याप्रतिबंधक गृह. फसलेल्या विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल मारू नये, म्हणून ते काढले होते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत ह्यास, स्वतःस अपत्य नसल्यामुळे, फुले दांपत्याने दत्तक घेतले. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. वाचकहो, ह्या हौदाविषयी थोडे थांबून विचार करा. आपल्यांतील ज्यांच्या वाडवडिलांनी पाणवठ्यावर दुसऱ्याने वरून ओतलेल्या पाण्याची वाट पाहत तासन् तास काढले, त्यांस हौद म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मनुष्यमात्र समान, असा लेख लिहिला असता तर शंभर वाचकांनी तो मान डोलावून बाजूस ठेवला असता. घरच्या पाण्यास हात लावू दिला, तेव्हा जातवाल्यांनी बहिष्कार घातला. दोहोंतील कोणती गोष्ट लोकांस खरी वाटली असेल?

पोट भरण्यासाठी जोतीराव ठेकेदारी करीत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामास त्यांनी माल पुरविला. समाजकार्यावर ते जगले नाहीत. उलट त्यात घरचे घातले. दगड, चुना, मजूर व बैलगाड्या ह्यांत दिवस काढल्यामुळे कष्टकऱ्यांची भाषा व त्यांचे हिशेब त्यांना आतून ठाऊक झाले. त्यांच्या लिहिण्यात जो रोखठोकपणा आहे, तो मला वाटते काही अंशी ह्या धंद्याने दिला.

१८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांस ते अर्पण केले. साता समुद्रांपलीकडे काळ्या गुलामांच्या बेड्या तुटल्या, ही वार्ता त्यांनी पुण्याच्या माळ्याकुणब्यांच्या दाराशी आणून ठेविली. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. समाजाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, निर्माणकर्ता एक आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, आणि आईस भेटण्यास किंवा बापास प्रसन्न करण्यास जशी मध्यस्थाची गरज नाही, तशी परमेश्वराची भक्ती करण्यासही भटाची किंवा दलालाची गरज नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट व राधा ह्यांचा विवाह पुरोहितावाचून लागला, आणि तो घडवून आणण्यात सावित्रीबाईंचा मोठा हात होता. अवघ्या काही रुपयांत, कर्ज न काढता लग्न होऊ शकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

आता जुन्नराकडे वळू. कारण शेतकऱ्याचे कर्ज व लग्न ह्यांची गाठ येथे नीट दिसते.

त्या काळी आंबेगाव हा निराळा तालुका नव्हता. तो खेड तालुक्याच्या पोटात होता. पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर, त्यातून निघणाऱ्या घोड, कुकडी व मीना ह्या नद्या, वरच्या अंगास भात व नाचणी, खाली बाजरीचे माळ. सरकारचा सारा रोख भरावा लागे. पीक येवो अथवा न येवो, हप्ता चुकत नसे. हप्त्यासाठी सावकार, बैलासाठी सावकार, आणि मुलीच्या लग्नासाठीही सावकारच. शेतकरी निरक्षर, कागदावर काय लिहिले हे त्यास कळत नसे, आणि तो अंगठा उठवून येई. व्याजावर व्याज चढे, रोखा बदलून वाढीव रकमेचा नवा लिहिला जाई, मग हुकूमनामा, आणि शेवटी जमीन सावकाराच्या नावावर. तोच शेतकरी त्याच जमिनीत मग कूळ म्हणून राबे आणि खंड भरी. मे १८७५ मध्ये सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. मागोमाग १८७६ ते १८७८ ह्या वर्षांचा भयंकर दुष्काळ आला. त्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीस अनाथ मुलांच्या अन्नाची सोय केली. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. पण कायदा वाचावयास अक्षरे लागतात, आणि अक्षरे सावकाराच्याच घरी होती.

अशा स्थितीत जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक लिहिले. ते १८८३ साली पुरे झाले. त्यात शेतकऱ्याचे घर कसे, त्याच्या अंगावर काय, ताटात काय, गोठ्यात काय, हे असे बारकाईने सांगितले आहे की, ऐकणारा कुणबी मान वर करून म्हणे, हा माणूस आमच्या घरात येऊन गेला. आणि नुसती रड नाही. डोंगरांच्या पोटी ताली व बंधारे घालावे, पाणी अडवून जिरवावे, विहिरींची सोय करावी, रिकाम्या वेळी फौजफाट्याकडून ही कामे करून घ्यावी, चांगली जनावरे पैदा करावी, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावी, शेतकऱ्यांच्या मुलांस शाळेत आणावे. जंगलखात्याने गायराने व रान बंद केल्यामुळे गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांस चरावयास जागा उरली नाही, ही तक्रारही त्यात आहे. भीमाशंकराच्या आजूबाजूच्या आंबेगावकरांस तिची ओळख पटेल. लेखकाने हे पुस्तक ठिकठिकाणी लोकांस वाचून दाखविले. वाचता न येणाऱ्यांसाठी लिहावयाचे असेल तर ते मोठ्याने वाचता यावे असे लिहावे लागते, हे त्यांना कळत होते. आमच्या उपदेशक बंधूंपैकी जे शेकोटीभोवती बसून शिकवितात, त्यांस ह्याचे मर्म तत्काळ कळेल.

१८८४ च्या सुमारास जुन्नर तालुक्यातील कुळांनी एक विलक्षण गोष्ट केली. मागील दंग्याप्रमाणे त्यांनी रोखे जाळले नाहीत, कोणाच्या घरावर दगड टाकला नाही. खंड व अटी कमी होईपर्यंत सावकारांच्या जमिनी कसावयाच्याच नाहीत, असा त्यांनी निश्चय केला. नांगर उभे राहिले. जमिनी पड राहिल्या. जोतीराव व त्यांचे सहकारी ह्यांचा त्यांना पाठिंबा होता. कृष्णराव भालेकर ह्यांनी १८७७ साली काढलेले व पुढे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी चालविलेले ‘दीनबंधु’ हे पत्र ह्या चळवळीचे मुखपत्र होते. पण सल्ला पुण्यामुंबईचा असला तरी उपाशी राहण्याचा धोका जुन्नरच्या कुळांचा होता. ज्याच्या घरात महिन्याचे धान्य नाही, त्याने पेरणी सोडून बसणे म्हणजे काय, हे समजण्यास फार कल्पना लागत नाही. दंगा एका रात्रीच्या रागाने होतो. हातात नांगर असून तो न चालविण्यास सर्व गावाचा एक विचार लागतो, आणि तो दिवसेंदिवस टिकवावा लागतो.

ओतूरची लग्ने ह्याच काळातील. लग्नाचा खर्च कमी झाला तर सावकाराचे एक दार बंद होते, आणि मनाची भीती गेली तर दुसरेही. म्हणून जोश्याचा मामला हा केवळ दक्षिणेचा नव्हता. जोतीरावांनी १८८६ साली ग्रामजोश्यांविषयी एक जाहीर पत्रक काढले, आणि १८८७ साली लग्नादी विधी आपल्या भाषेत कसे करावे ह्याचे लहान पुस्तक छापले. ही त्यांची रीत मला विशेष वाटते. जुने सोडा, असे सांगून ते निघून गेले नाहीत. मांडवात वऱ्हाड बसले असता आता पुढे काय म्हणावयाचे, हा गावकऱ्यांचा साधा प्रश्न त्यांनी ओळखला, आणि ज्यास वाचता येते असा घरचाच कोणी ते म्हणू शकेल असे लिहून दिले. त्यामुळे प्रत्येक लग्नास पुण्याहून जोतीरावांस आणण्याची गरज उरली नाही. बाळाजी पाटलांच्या दाव्याचा निकाल जोतीरावांच्या हयातीतच लागला. ज्यास पुरोहित बोलावावयाचाच नाही, त्याच्यावर तो लादता येत नाही, हे उच्च न्यायालयात मान्य झाले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर हे चरित्र न होता आरती होईल. जोतीरावांची लेखणी फार तिखट होती, आणि पुष्कळदा तिने दोषी व निर्दोषी ह्यांत निवड केली नाही. पुराणांतील कथांवरून त्यांनी प्राचीन इतिहास रचला. त्यातील पुष्कळ भाग इतिहास म्हणून आज टिकत नाही. सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. ‘असूड’चे काही भाग छापून ‘दीनबंधु’ने पुढचे छापण्यास कचरल्यावर त्यांनी लोखंड्यांसही सुनावल्यावाचून सोडले नाही. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे बोलावणे आले असता, ज्यांच्या ग्रंथांत शूद्रांच्या सुखदुःखास जागा नाही त्यांच्यात मिसळून काय लाभ, असे कळवून ते गेले नाहीत. त्याच वर्षी, शेतकऱ्यांची स्थिती सुधारत आहे असे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी म्हटले, तेव्हा त्यास उत्तर म्हणून त्यांनी ‘इशारा’ हे छोटे पुस्तक काढले. रानडे हे सज्जन होते, विद्वान होते. परंतु शेतकऱ्याविषयी जुन्नरच्या कुळाने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न असता उत्तर जोतीराव असेच येते, कारण त्यांनी आकडे पाहण्यापूर्वी गोठा पाहिला होता.

आपल्या वाचकांस आणखी एक शंका येईल, तीही टाळू नये. मिशनच्या शाळेत शिकलेल्या ह्या पुरुषाने बाप्तिस्मा का घेतला नाही? मिशनऱ्यांनी गरिबांच्या शिक्षणासाठी जे केले, त्याचा त्यांनी उघडपणे आदर केला. प्रभू येशूस त्यांनी गांजलेल्यांचा कैवारी बळिराजा म्हणून गौरविले. तरी त्यांनी कोणत्याही एका धर्मपंथात प्रवेश केला नाही. एकाच घरात आईने बौद्ध धर्मपुस्तक वाचावे, बापाने बायबल, मुलीने कुराण, आणि तरीही सर्वांनी प्रेमाने नांदावे, असे कुटुंब त्यांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात कल्पिले. ते आपल्यांत आले नाहीत म्हणून त्यांचे ऋण कमी होत नाही, आणि ते आपलेच होते असे भासविणे खरेपणाचे होणार नाही.

सत्तेपुढे त्यांची वागणूक कशी होती? १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असे म्हणून विरोध करणारे ते एकटेच. शहरात दारूची दुकाने वाढली तेव्हा त्यांनी लेखी तक्रार केली. १८८२ साली हंटर ह्यांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो, असे त्यांनी त्यात दाखविले, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्या शिक्षणात काय असावे? मोडी व बाळबोध वाचनलेखन, हिशेब, थोडा इतिहासभूगोल, व्याकरण, आणि शेती, नीती व आरोग्य ह्यांचे ज्ञान. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली अशा सक्तीचा कायदा केला, तेव्हा जोतीरावांस जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा दागिन्यांनी लखलखणाऱ्या पाहुण्यांत जोतीराव फाटके मुंडासे व घोंगडी अशा शेतकरी वेषात गेले, आणि ह्या मंडळीवरून देशाची पारख न करता खेड्यांतील रयतेची दशा राणीस कळवावी, असे त्यांनी राजपुत्रास सांगितले. त्याच वर्षीच्या ११ मे रोजी मुंबईत जाहीर सभेत लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. सरकारने दिलेली शाल ३६ वर्षांपूर्वीची. ही पदवी कष्टकऱ्यांनी दिली, आणि नावापुढे तीच राहिली.

त्यानंतर लवकरच त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. डॉक्टर विश्राम रामजी घोले ह्यांनी उपचार केले. उजवा हात चालेना, म्हणून जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या मागून १८९१ साली निघाला. ठेकेदारीतील पैसा केव्हाच संपला होता; घरात ओढग्रस्त होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. आपला देह मिठात घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेविली होती आणि घरामागे खड्डाही करविला होता. परंतु नगरपालिकेने परवानगी न दिल्यामुळे दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक मुलाने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हाती घेतले आणि चालू लागल्या. बाईने असे करणे त्या काळी कोणी पाहिले नव्हते.

समाजाचे काम बंद पडले नाही. १८९३ साली सासवडास सत्यशोधक समाजाची परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाई होत्या. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील ह्यांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातील तरवडी ह्या खेड्यातून ‘दीनमित्र’ पत्र चालविले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी जोतीरावांस आपल्या तीन गुरूंत गणले, आणि १९४६ साली शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंत तोपर्यंत डॉक्टर झाला होता. त्याने हडपसराजवळ सासन्यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई आजाऱ्यांस तेथे पोहोचवू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगाने पडला असल्याचे त्यांस कळले. गाडीची वाट न पाहता त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मूल वाचले. सावित्रीबाईंस रोगाचा संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.